नावं ठेवणारे

कुतैसीत त्या हिवाळ्यात वीज यायची रात्री, दोन तास,
तिची वेळ तिलाच ठाऊक.
मी त्सिउरीबाईंची कादंबरी टाइप करायचे,
हातमोज्यांची टोकं कापून,
आणि दर पानाला भांडायचे.

"झ्राक्स’थूल? बाई, हे नाव आहे की शिंक?
आणि मधे हा स्वल्पविराम कशाला ठोकलाय खिळ्यासारखा,
त्यावर काय टांगणार?"

त्सिउरीबाई दातांच्या डॉक्टर.
बत्तीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून काढलेली.
रागावल्या नाहीत. म्हणाल्या, खरंय,
आधी तोंड बघायला हवं होतं.

मग त्यांनी तोंड काढलं. क्ष-किरणाच्या रिकाम्या पाकिटावर.
बर्फाखालच्या समुद्रातले जीव,
जबडा आहे, जीभ आहे, घशात तीन पडदे,
ओठ नाहीत.
म्हणजे ब गेला, म गेला, दोन्ही प गेले, व गेला,
आमच्या तेहेतीस अक्षरांतली पाच एका फटक्यात.
"बापाला हाक मारता येणार नाही बिचाऱ्यांना,"
मी म्हटलं. आमच्यात बापाला मामा म्हणतात.
"पण आईला येईल," बाई म्हणाल्या. "देदा."
आणि बराच वेळ पेन्सिल चावत बसल्या.

पहाटे नाव सापडलं: ह्ग्लेआत.
मी टाइप केलं, उच्चारून बघितलं,
घसा खरवडला, पण खोटं वाटलं नाही.
तरी विचारलंच, हे ऐकलं कुणी पहिल्यांदा?
"जहाजावरच्या स्वयंपाक्यानं."
कुठला तो?
"इथलाच. सर्दी झालेली. घरची आठवण येणारा."
मग त्याला ह्ग्लेआत कसं ऐकू येईल?
त्याला गेलाती ऐकू येईल,
आपल्या टेकडीवरचा मठ, त्याची घंटा.

बाईंनी कपाळावर हात मारला.
त्या दिवसापासून पुस्तकात ते गेलातेली झाले,
नकाशात, अहवालात, शिव्यांतही.
खरं नाव एकाच पानावर राहिलं,
तेही चुकीच्या स्पेलिंगनं.
यात नवल ते काय.
आम्ही स्वतःला कार्त्वेली म्हणतो,
आणि जगात कुणाला विचाराल तर ठाऊक नाही.

पावाच्या रांगेत रात्री दोनला बाई हे सगळं सांगत होत्या,
मला, आणि शेकोटीच्या डब्याला,
आणि हॉटेलातल्या एका पोराला, जो मधेच घुसला होता.
ते हॉटेल समुद्राकडून पळून आलेल्यांनी भरलेलं,
खोलीत आठ, गॅलरीत चुली, कठड्यावर गोधड्या.
गावानं त्यांना एक नाव दिलं होतं: देव्निली.
हाकलून लावलेले. आम्ही ते सहज म्हणायचो,
हवामान सांगितल्यासारखं.

पोरगा म्हणाला, "मी सोखुमेली. बोंदो."
(दोन ओठ लागतात त्याच्या नावाला. ह्ग्लेआतांना जमलं नसतं.)
मग शेंबूड ओढून, "आणि ते?
ते तुम्हाला काय म्हणतात?"

रांग सरकली. बाई सरकल्या नाहीत.
मागच्यानं कोपर मारलं तेव्हा सरकल्या.

दोन दिवस पान आलं नाही.
तिसऱ्या दिवशी पाकीट आलं, मागच्या बाजूला चार ओळी:
त्यांचं तोंड कधी मिटत नाही.
झोपेतही थोडं थोडं बोलत असतात.
माणसांसाठी त्यांच्याकडे एकच शब्द आहे,
त्याचा अर्थ, ज्यांना गप्प बसता येतं ते.

मी टाइप केलं. मधे कार्बन घालून तीन प्रती.
तिसरी फिकट आली, कार्बन झिजला होता.
भांडायला काही सुचलं नाही.

त्या रात्री रांगेत माझ्यापुढे बोंदोची आई होती,
तीन आठवडे होतीच,
माझ्याच पुढे, तोच तपकिरी कोट, खांद्यावर एक टाका उसवलेला.
नाव विचारलं नव्हतं.
तोंड उघडलं.
आधी नुसती वाफच आली.